गोल्डविंग घेताना आधी साल बघा

‘होंडा गोल्डविंगचं इंजिन मरत नाही’ असं टूरिंगवाले छातीठोकपणे सांगतात. बऱ्याच अंशी खरंय, पण सरसकट नाही.

1975 च्या जीएल 1000 मध्ये वॉटर कूलिंग, आडवं चार सिलिंडरचं इंजिन आणि चेनऐवजी शाफ्ट ड्राइव्ह होता. चेनच नाही म्हणजे ऑइलिंग नाही, स्प्रॉकेट बदलणं नाही. हे सुख काय असतं ते भर पावसात घाटात चेन साफ केलेल्यालाच विचारा!

घोळ होता अल्टरनेटरच्या स्टेटरचा. तो इंजिनच्या मागच्या अंगाला, आत दडवलेला. जळला की अख्खं इंजिन फ्रेममधून खाली उतरवायचं! 1100 आणि 1200 मध्येही तेच. सहा सिलिंडरची 1500 आली 1988 ला. तिच्यात अल्टरनेटर बाहेर आला. व्हॉल्व्ह सेटिंगची कटकट तर हायड्रॉलिक टॅपेटमुळे 1200 पासूनच संपली होती.

टायमिंग बेल्ट मात्र 1500 पर्यंत राहिले. रबर आहे, गाडी नुसती उभी असली तरी कडक होतं. बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि इंजिनाचा निकाल लागतो. म्हणून जुनी विंग घेताना किलोमीटर नंतर बघा, आधी बेल्ट बदलल्याचं बिल मागा. 2001 च्या 1800 पासून टायमिंग चेन आली (तिच्या सुरुवातीच्या काही गाड्या फ्रेमच्या वेल्डिंगसाठी परत बोलवाव्या लागल्या, ते वेगळं).

माझं मत निगा राखलेल्या 1500 ला. वजन साडेतीनशे किलोच्या वर, म्हणून तिला स्टार्टर मोटरवर चालणारा रिव्हर्स दिलाय. व्यवहाराआधी तोही चालवून बघा.