खापराचा काठ

आज बचत, कर्ज, हप्ता यांतलं काही नाही. आज खापराबद्दल बोलायचं आहे. मडकं फुटतं, आपण उचलून परसात टाकतो, ते खापर.

चौल-रेवदंड्याकडच्या बायकांना सांगायला नको, इथं कुदळ मारली की खापर लागतं. माडाला आळं करा, पाट काढा, संडासाचा खड्डा खणा. आमच्या गटातल्या एका ताईंच्या वाडीत पाण्याच्या टाकीसाठी खड्डा घेतला, तेव्हा चार-पाच घमेली खापरं निघाली. पावसाळा तोंडावर होता, वाटेवर चिखल होतो, म्हणून आम्हीच ती वाटेवर पसरली आणि वरून माती दाबली. एक तुकडा तेवढा निळसर-हिरवा, काचेसारखा चकचकीत होता. तो एका पोरीनं खेळायला ठेवून घेतला. पुढे पुरातत्त्व शिकणारी एक विद्यार्थिनी गावात आली. तिनं तो तुकडा हातात घेतला आणि पहिलंच विचारलं, "हा किती खोल होता? याच्याबरोबर आणखी काय निघालं?"

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. बरोबरचं सगळं वाटेखाली गेलं होतं.

अशी निळी-हिरवी झिलई दिलेली भांडी इराक-इराणच्या बाजूने जहाजांतून यायची. चौल हे जुनं बंदर. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत त्याचं नाव चेमुल असं येतं, ग्रीक लेखकांनी सेमुल्ला, सिमुल्ला असं लिहिलं. इ.स. ९१६ च्या सुमारास अल् मसुदी नावाचा अरब प्रवासी इथं येऊन गेला, त्याच्या लिखाणात ते सैमूर आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. विश्वास गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चौलला उत्खननही केलं. म्हणजे आपण ज्याला कचरा म्हणतो, त्यासाठी पुण्याहून माणसं येऊन उन्हात बसत होती.

आता एका तुकड्यावरून अख्खं भांडं कसं कळतं? बांगडी फुटली की एवढासा तुकडा हाती राहतो. पण बांगड्या भरणारी कासारीण तो बघून बांगडी केवढी होती ते सांगते, कारण त्याला बाक आहे. खापराचंही तसंच. म्हणून पोटाच्या तुकड्यापेक्षा काठाचा तुकडा मोलाचा. त्या विद्यार्थिनीने आम्हाला कागदावर एकात एक वर्तुळं काढून दाखवली, रांगोळीत काढतो तशी, पण मोजून. काठाचा तुकडा त्यावर फिरवायचा. ज्या वर्तुळाशी बाक जुळला, तेवढं भांड्याचं तोंड. बारा सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाशी जुळला तर तोंड चोवीस सेंटिमीटर, साधारण आपल्या भाताच्या टोपाएवढं.

त्याआधी एक बारीक काम असतं, आणि आमची सगळ्यांची चूक तिथंच झाली. काठ पाटावर पालथा टेकवायचा आणि खालून उजेड दिसणार नाही असा धरायचा. भांडं उभं असताना काठ जसा कललेला होता, तसाच तो तेव्हा बसतो. जरा तिरपा धरला की हंडीची परात होते. आमच्या एका वहिनींनी काढलेलं मडकं इतकं पसरट झालं की त्यात भाकरीचं पीठ मळता आलं असतं.

मग चित्र. मधोमध उभी रेघ. डाव्या बाजूला भांडं सुरीने चिरल्यासारखं दाखवायचं, म्हणजे भिंतीची जाडी काळी भरायची. उजव्या बाजूला भांडं बाहेरून कसं दिसतं ते. चाकावरचं भांडं गोल, दोन्ही अंगं सारखी, म्हणून अर्ध्या-अर्ध्यात भागतं. जाडी कॅलिपरने मोजतात. वळण उतरवायला बारीक तारांची फणी असते, ती खापरावर दाबली की तारा मागे सरकतात आणि तोच आकार उठतो. फोटोत जाडी दिसत नाही, म्हणून अजूनही हाताने काढतात. या चित्राला भाषा लागत नाही. तुर्कस्तानातल्या बायझंटाईन काळाच्या थाळीचं चित्रही असंच काढतात, त्यामुळे तिथली नि इथली भांडी शेजारी ठेवून बघता येतात.

असं शेजारी ठेवून बघण्याने केवढा फरक पडतो! आपल्या घारापुरीला जाड, लांबट रांजणांची खापरं मिळाली आहेत. भारतात सापडलेल्या अशा खापरांना बरीच वर्षं रोमन म्हणत. रॉबर्टा टॉम्बर नावाच्या अभ्यासक बाईंनी ती नीट पारखली आणि त्यांतली पुष्कळशी इराणच्या आखाताकडची असल्याचं दाखवून दिलं. त्या रांजणांना कान नसतात, आणि आतून डांबरासारखा काळा लेप असतो, पातळ पदार्थ झिरपू नये म्हणून. रोमन कुंभाला दोन कान असतात. कान आहे की नाही, एवढ्यावरून समुद्र बदलला.

तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर यास्सी आदा बेटाजवळ सातव्या शतकातलं एक बायझंटाईन जहाज बुडालेलं सापडलं. त्यात सुमारे ९०० कुंभ होते. सगळे सारखेच, म्हणून १९६० च्या दशकात त्यांतले शंभराच्या आसपासच वर काढले. पुढे आणखी काढले, तेव्हा कितीतरी कुंभांवर खरवडलेल्या खुणा दिसल्या, आपण डब्यावर नाव घालतो तशा. सारखे म्हणून सोडलेले सारखे नव्हतेच. म्हणजे शिकलेल्यांच्याही हातून घमेलं पालथं होतं, हे ऐकून आम्हाला जरा बरं वाटलं.

आता व्यवहाराचं. खापर मिळालं म्हणून मुद्दाम खणू नका. काम चालू असताना निघालं तर किती हात खोल होतं, कुठल्या रंगाच्या मातीत होतं, ते लिहा. एका थरातलं एका पिशवीत, दुसऱ्या थरातलं दुसऱ्या. घासणीने घासू नका, आतला लेप, बाहेरची काजळी निघून जाते. काजळी म्हणजे ते चुलीवर चढलं होतं. नाणी किंवा मोलवान वस्तू लागली तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

बायका एक भीती बोलून दाखवतात, कळवलं तर सरकार जमीन घेईल. खापर निघालं म्हणून जमीन जात नाही. १९५८ च्या केंद्राच्या कायद्यात एखादी जागा संरक्षित करायची तरी आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, हरकत घेता येते. वाड्या विकून बंगले होताहेत, जेसीबी एका सकाळी सगळे थर एकत्र करून टाकतो. तिथं विचारायला कुणी थांबत नाही.

त्याच ताईंच्या वाडीत दिवाळीनंतर विहीर खोल करायची आहे. गटाच्या हजेरीच्या वहीतली मागची कोरी पानं आम्ही त्यासाठी राखली आहेत. पहिल्या पानावर विहिरीचं चित्र काढून दर हाताला एक रेघ मारून ठेवली आहे.