वॉटर पेपरनंतरची चकाकी

नव्याने रंगविलेल्या मोटारीच्या बॉनेटवर वॉटर पेपर फिरला, की आरशासारखा पृष्ठभाग पाहता पाहता दुधट होतो. हजारो रुपये मोजून दिलेला रंग डोळ्यांदेखत निस्तेज झालेला पाहून मालकाच्या काळजाचा ठोका चुकतो. वस्तुतः ही अवस्था अपेक्षितच असते. जपायला हवे ते त्यानंतरच्या कामात.

रंगावर फवारल्या जाणाऱ्या पारदर्शक थरास क्लिअर कोट म्हणतात आणि गाडीची चकाकी ती त्याचीच. फवारणीनंतर त्यावर संत्र्याच्या सालीसारखी बारीक उंचसखलता राहते. उघड्या गॅरेजमध्ये धूळही बसते. ती काढण्यासाठी १५००, मग २००० क्रमांकाचा पेपर पाण्यासह घासला जातो. पृष्ठभाग सपाट होतो, पण त्यावर असंख्य सूक्ष्म चरे उमटतात. प्रकाश त्यांवरून सरळ परावर्तित न होता विखुरतो. चकाकी परत आणणे म्हणजे वरून काही लावणे नव्हे; हे चरे डोळ्यांना जाणवणार नाहीत इतके बारीक करीत नेणे होय.

मेख अशी, की यासाठी थर झिजवावाच लागतो. दोन हात मारलेला क्लिअर कोट वाळल्यावर साधारणतः ५० ते ६० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ भरतो. त्यातील काही भाग पेपर नेतो, काही पॉलिश. खालच्या रंगाचे अतिनील किरणांपासून रक्षण करणारी द्रव्येही याच थरात असतात. दारांच्या कडा आणि बॉनेटच्या घड्यांवर तर तो आधीच सर्वांत पातळ असतो व यंत्राचा दाबही तेथेच अधिक पडतो. म्हणून अशा जागी मास्किंग टेप लावून घ्यावी आणि शेवटी हातानेच हलके पॉलिश करावे. एकदा का थर फुटून रंग उघडा पडला, की कोणतेही पॉलिश उपयोगाचे नाही. त्या भागावर क्लिअर कोट पुन्हा मारावा लागतो.

घाईही घातक ठरते. हार्डनर मिसळलेला थर बूथमध्ये सुमारे ६० अंश सेल्सिअसला अर्धा तास तापविला असेल, तर थंड झाल्यावर काम सुरू करता येते. उघड्यावर वाळविलेल्यास किमान एक रात्र द्यावी; उत्पादकाच्या पत्रकातील मुदत अंतिम मानावी. कच्च्या थरावर आणलेली चकाकी आतील द्रावक उडून जाताना पुन्हा मंदावते. उलट कित्येक आठवडे थांबल्यास थर इतका कठीण होतो, की मेहनत वाढते.

पॉलिशपूर्वी ३००० क्रमांकाचा पेपर फिरविल्यास पुढचे निम्मे काम हलके होते. आपल्याकडे नेमका हाच टप्पा गाळला जातो! त्यानंतर गाडी धुऊन सावलीत घ्यावी. लोकरीच्या बफवर थोडे रबिंग कंपाउंड घेऊन एका वेळी दोन फूट चौरसाइतकाच भाग करावा. मिनिटाला १२०० ते १५०० फेऱ्यांचा वेग पुरेसा असतो. यंत्र एका जागी थांबता कामा नये. पत्रा हाताला गरम लागला, की थांबावे. पेपरचे चरे पूर्ण गेल्यावर फोमच्या पॅडवर बारीक पॉलिश घेऊन लोकरीने पाडलेली वलये काढावीत. काळ्या व गडद गाड्यांवर ही वलये उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसतात.

काही पॉलिशमधील तेलकट घटक चरे काढत नाहीत, नुसते भरतात. गाडी ताब्यात घेताना ती झगमगते आणि दोन धुण्यांनंतर जाळे परत उमटते. पैसे देण्यापूर्वी पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने एक कोपरा हळुवार पुसून उन्हात पाहावा. लबाडी तेथेच उघडी पडते. उघड्यावर वाळलेल्या नव्या रंगावर मेण मात्र लगेच चढवू नये. रंगाच्या प्रकारानुसार त्यासाठी एक ते तीन महिने थांबण्यास सांगितले जाते. तोवर साधे पाणी, सौम्य शाम्पू आणि मऊ कापड एवढे पुरे.