कोष पिकवला, आता धागाही काढू

जालन्याची ओळख बियाण्यांची आणि लोखंडी सळ्यांची. त्याच जालन्याच्या बाजार समितीत २०१८ पासून रेशीम कोषांचा लिलाव होतो, म्हणून संपादकांनी मला तिकडे पाठवले. पूर्वी इथला शेतकरी पांढऱ्याशुभ्र कोषांची पोती घेऊन कर्नाटकातल्या रामनगरला जात असे.

रेशमाची ही विद्या मूळची चीनची. झेजियांग प्रांतात सुमारे ४,७०० वर्षांपूर्वीचे रेशमी तुकडे मिळाले आहेत. सहाव्या शतकात, सम्राट जस्टिनियनच्या काळात, रेशीम अळीची अंडी कॉन्स्टँटिनोपलला पोचली आणि पश्चिमेतही रेशीम पिकू लागले.

मला थक्क केले ते कोष उकलण्याच्या तंत्राने. चार वेळा कात टाकलेली अळी शेवटी डोके इंग्रजी आठच्या आकारात फिरवत दोन-तीन दिवसांत सुमारे हजार मीटरचा अखंड तंतू स्वतःभोवती गुंडाळते. तो सेरिसिन नावाच्या डिंकाने चिकटलेला असतो. पतंग बाहेर पडला तर कोषाला भोक पडून तंतू तुटतो, म्हणून आतला जीव आधीच उष्णतेने मारतात. मग कोष गरम पाण्यात शिजवायचे, ब्रशने वरची विस्कटलेली जाळी ओढून काढायची आणि खरे टोक हाती आणायचे. एक तंतू फारच बारीक, म्हणून आठ-दहा कोषांचे तंतू मिळून एक धागा होतो. त्यातला एक कोष संपला की धागा बारीक होतो. स्वयंचलित यंत्र ते ओळखून नवा कोष जोडते. हातयंत्रावर हे काम कामगाराच्या नजरेवर आणि बोटांवर असते. चीनचा खरा शोध मला इथे दिसतो: अळी तर निसर्गाची, तिचा तंतू न तुटता परत उकलणे माणसाचे.

शेतकऱ्यापुढच्या अडचणी मात्र मोठ्या आहेत. अळीला पंचवीस अंशांच्या आसपासची हवा मानवते. मराठवाड्याचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. अळी जिची पाने खाते त्या तुतीला पाणी लागते. शेजारच्या कपाशीवरचे कीटकनाशक पानावर उडाले तर अळ्यांची अख्खी बॅच जाते. अळीवर जगणाऱ्या उझी माशीचा त्रास वेगळाच. आणि एवढे सांभाळूनही भाव आपल्या हातात नसतो. चीनमधून येणाऱ्या कच्च्या रेशमाचा दर इथल्या लिलावावर परिणाम करतो.

एक किलो धाग्याला साधारण सहा-सात किलो चांगले कोष लागतात. पुढची कमाई धागा काढणाऱ्याची. म्हणून कोष विकून थांबू नये. सरकारने आणि शेतकरी गटांनी धागा काढण्याचे कारखाने गावांजवळ उभे करावेत, आणि कोषाचा भाव नजरेवर नव्हे, तपासणीवर ठरवावा.