पांधणीने बाळापूर

पुण्या-मुंबईकडचा वाचक जिला पाणंद म्हणतो, तिलाच आमच्या वऱ्हाडात पांधण म्हणतात. गावठाणातून निघायचे आणि शेतांशेतांतून शिवेपर्यंत जायचे, एवढेच तिचे काम. दोन्ही अंगांना धुरे, धुऱ्यावर बाभळी, निंब, एखादी बोर, आणि मधोमध बैलगाड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खोल केलेल्या चाकोऱ्या. उन्हाळ्यात तिच्यात घोट्याएवढा फुफाटा असतो. पावसाळ्यात तिचा नाला होतो. उरलेल्या चार-पाच महिन्यांत मात्र तिच्याइतकी सुरेख वाट साऱ्या जिल्ह्यात नाही.

गावनकाशात तिची रीतसर नोंद असते. दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते २१ फूट, पायमार्गाची सव्वाआठ. हे आकडे प्रथम ऐकताना चमत्कारिक वाटतात. पण मोजणीची जुनी साखळी ३३ फुटांची होती. तिची निम्मी साडेसोळा, पाव सव्वाआठ. याच साखळीने लांब-रुंद मोजलेला चौकोन म्हणजे गुंठा, हे कोणत्याही शेतकऱ्याला तोंडपाठ असते. बँकेच्या नोकरीत पीककर्जाच्या पाहणीला जाताना हे नकाशे मी पुष्कळ उलगडले. कागदावर २१ फुटांची असलेली पांधण प्रत्यक्षात सहा फुटांची, हा अनुभव नित्याचा होता. काही ठिकाणी तर रेषा तेवढी शिल्लक होती. वाट कुणाच्या तुरीत गेली ते कुणी सांगत नसे.

या वाटा आज आठवण्याचे कारण सायकल. गेल्या दहा-पंधरा वर्षांत युरोप-अमेरिकेत ‘ग्रॅव्हल बाइक’ नावाचा सायकलचा नवा प्रकार रूढ झाला आहे. ग्रॅव्हल म्हणजे आपली खडी, मुरूम. मेंढ्याच्या शिंगांसारखे वळलेले हँडल, गिअर, डिस्क ब्रेक आणि चाळीसेक मिलिमीटर रुंदीचे टायर. शर्यतीच्या सायकलचा अरुंद टायर दगडासारखा कडक फुगवावा लागतो. तो डांबरावर पळतो, पण खडीवर उड्या मारतो. रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवली तरी चालते, आणि असा टायर खड्याभोवती आपला आकार बदलून पुढे सरकतो. या सायकली घेऊन लोक फ्रान्सच्या खेड्यांतून हिंडतात. द्राक्षमळ्यांच्या बांधांवरून, जुन्या मठांवरून, पडक्या गढ्यांवरून दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर जातात आणि संध्याकाळी कुठल्याशा गावात मुक्काम करतात.

हे वर्णन वाचले तेव्हा मला हसू आले. आपल्याकडची काळी, दांडीच्या ब्रेकची, २८ इंची चाकाची सायकल आठवा. दूधवाल्याची, पोस्टमनची, शाळामास्तरांची. तिचा टायर दीड इंची, म्हणजे अडतीस मिलिमीटर. युरोपला जो शोध आता लागला तो लुधियाना-सोनिपतच्या कारखान्यांतून आपल्या अंगणात कधीच येऊन उभा होता. गिअर नव्हते हे खरे. पण वऱ्हाडच्या सपाटीला ते लागतात कशाला?

तर पातूर. अजिंठ्याच्या रांगेचे फाटे जिथे संपतात त्या पायथ्याशी हे गाव आहे. वर वाशीमचे पठार, खाली पूर्णेचे काळे खोरे. अकोल्याहून नांदेडकडे जाणारा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग गावाजवळून घाट चढतो. महामार्ग आता चांगला झाला आहे, आणि चांगल्या महामार्गाचा गुण असा की वाटेवरचे गाव कुणाला दिसतच नाही. घाटाकडे जाणाऱ्या गाड्यांतल्या किती जणांना ठाऊक असते, की इथल्या टेकडीत कातळात खोदलेली प्राचीन लेणी आहेत? वेरूळ-अजिंठ्याची भव्यता त्यांत शोधू नये. ती लहान आहेत, साधी आहेत, आणि बहुतेक दिवशी तिथे तुमच्याखेरीज कुणी नसते. दुसऱ्या टेकडीवर रेणुकामाता. तिथल्या पायऱ्या चढून गेले की आपल्याला जायचे ते सारे खोरे पायाखाली पसरलेले दिसते.

गावाच्या पूर्वेला शेख बाबूंचा दर्गा आहे. जुन्या कागदांत गावाचे नावच ‘पातूर शेख बाबू’ असे येते. शेख अब्दुल अझीझ हे त्यांचे मूळ नाव. ते १३७८ मध्ये दिल्लीहून आले, मुहम्मद तुघलकाशी त्यांचा स्नेह होता आणि त्यानेच त्यांची कबर बांधली, अशी कथा आहे. तुघलक १३५१ मध्येच वारला होता, तेव्हा कथेचा हिशेब जुळत नाही. इंग्रजी गॅझेटिअरकारांनीही तेव्हाच ही चूक दाखवून दिली होती. पण दर्ग्याच्या दरवाजावरच्या उठावदार अक्षरांतल्या लेखाचा हिशेब पक्का आहे. १६०६-०७ च्या सुमाराला या वास्तूचा जीर्णोद्धार अब्दुल रहीम खानखानाने केला. म्हणजे बैरामखानाचा मुलगा. म्हणजे शाळेत ज्यांचे दोहे पाठ करायला लावत, ते रहीम. हिंदीच्या पुस्तकातला कवी पातूरच्या वेशीवर भेटतो याचे मला आजही अप्रूप वाटते.

इथून बाळापूर तीस-पस्तीस किलोमीटर. सडकेने वाडेगाववरून सरळ जाता येते. पांधणीने जायचे तर सरळ जाणे विसरावे. कुठलीच पांधण दूर जात नाही. ती आपल्या गावच्या शिवेपर्यंत जाते, आणि पलीकडच्या गावची पांधण तिला मिळाली तर मिळाली. म्हणून दर तीन-चार किलोमीटरांवर गावात शिरावे लागते, पारावर विचारावे लागते, आणि विचारले की थांबावे लागते. “पेन्शन भेटते न तुमाले? मंग गाडी काहून नाही घेत, सायेब?” हा प्रश्न मला किमान चार गावांत आला आहे. समाधानकारक उत्तर अजून सापडलेले नाही.

पौष-माघात या वाटेने जावे. कपाशीची शेवटची वेचणी चाललेली असते, तूर सोंगून पडलेली असते, हरभरा घाट्यांवर आलेला असतो. वाडेगावच्या शिवारात शिरलात की लिंबांच्या बागा लागतात. या गावचे लिंबू दूरदूरच्या बाजारांत जाते. सायकलवाल्याला त्याचा उपयोग वेगळा. पाण्याच्या बाटलीत अर्धे पिळावे आणि पुढे निघावे. पाणी मात्र वाटेत भरून घ्यावे, कारण बाळापूर ओलांडून उत्तरेकडे सरकलात तर खारपाणपट्टा सुरू होतो आणि तिथल्या विहिरींचे पाणी तोंडात धरवत नाही.

बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर आहे. डोंगरी किल्ले पाहिलेल्या माणसाला तो प्रथम किल्ला वाटतच नाही, कारण त्याचे उंच बुरूज आणि तट उत्तम भाजक्या विटांचे आहेत. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याच्या वेळी इथल्या गढीचा पाया पडला असे मानतात. आजचे बांधकाम एलिचपूरच्या इस्माईलखानाने १७५७ मध्ये पुरे केले. नदीकाठी काळ्या दगडाची छत्री आहे, ती मिर्झाराजे जयसिंगांची म्हणून ओळखली जाते. १६६५ मध्ये पुरंदरचा तह ज्यांनी केला तेच हे जयसिंग. दोनच वर्षांनी बुऱ्हाणपूरला त्यांचा अंत झाला.

याच बाळापूरच्या परिसरात ऑगस्ट १७२० मध्ये निजाम-उल-मुल्कने सय्यद बंधूंच्या पक्षाच्या आलम अलीखानाचा पराभव केला. दख्खनमधल्या निजामाच्या सत्तेचा रस्ता इथून मोकळा झाला. इतिहासाच्या पुस्तकात ही एक ओळ असते. पण ऑगस्ट म्हणजे ऐन पावसाळा, आणि जमीन ही. भिजली की फुगणारी, चाकाला गोळा होऊन बसणारी, मडगार्डमध्ये अडकून सायकल जागच्या जागी उभी करणारी काळी माती. त्या चिखलातून तोफा ओढणाऱ्या बैलांची आणि माणसांची काय गत झाली असेल, हे पुस्तकापेक्षा पांधणीत एकदा पावसात सापडल्यावर जास्त कळते.

आता फ्रान्सकडे पुन्हा जातो, कारण तिथली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला ब्रिटनी नावाचा प्रांत आहे. तिथे शेतांकडे जाणाऱ्या मातीच्या वाटांना स्थानिक ब्रेटन भाषेत ‘रिबिनू’ म्हणतात. रिबिनू म्हणजे पांधणीच. १९८४ मध्ये जाँ-पॉल मेलुए या गृहस्थांनी या वाटांवरून एक सायकल शर्यत सुरू केली. हेतू असा, की ब्रेटन भाषेतून शिकवणाऱ्या ‘दिवान’ शाळांसाठी चार पैसे उभे राहावेत. ‘ट्रो-ब्रो लेऑन’ ही शर्यत आज नामांकित झाली आहे, मोठमोठे संघ तिथे येतात. पहिल्या येणाऱ्या ब्रेटन सायकलपटूला बक्षीस काय, तर डुकराचे पिल्लू! इटलीत टस्कनीमध्येही १९९७ पासून जुन्या सायकलींची अशीच एक फेरी निघते, आणि तिथल्या पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवर डांबर पडू नये हा तिचा एक हेतू आहे.

हे सारे जसेच्या तसे आपल्याकडे आणावे असे मला म्हणायचे नाही. टस्कनीच्या पाहुण्याला धूळ हवीशी वाटते. आपल्या शेतकऱ्याला ऐन पावसात सोयाबीन बाहेर काढायचे असते, आणि पांधण फुटलेली असली की ट्रॅक्टर रुततो, मळणीयंत्र आत जात नाही, माल शेतातच काळा पडतो. माझ्या सायकलच्या हौसेसाठी त्याने चिखल तुडवावा असे कोण म्हणेल? राज्य सरकारने २०१८ मध्ये पालकमंत्र्यांच्या नावाने आणि २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी या नावाने शेत-पाणंद रस्त्यांच्या योजना काढल्या, त्या याच गरजेतून. मुरूम आणि खडी दाबून केलेली पांधण बारमाही होते. आणि गंमत अशी, की ग्रॅव्हल म्हणतात ते नेमके हेच. इथे शेतकऱ्याची आणि सायकलवाल्याची मागणी एकच आहे.

अडचण निराळी आहे. खडी टाकायला आधी वाट जागेवर असावी लागते. दोन्हीकडचे धुरे दरवर्षी वीतभर आत सरकतात, कधी वाद नको म्हणून, कधी भाऊबंदकीतून कुणी बोलत नाही, आणि वीस वर्षांनी गाडी जात नाही. कायदा आहे. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या पाचव्या कलमाखाली तहसीलदार अडवलेली वाट मोकळी करून देऊ शकतो. बांधावरून नव्या वाटेची मागणी असेल तर जमीन महसूल संहितेचे १४३ वे कलम आहे. पण अर्ज करणाऱ्याला वहिवाट दाखवावी लागते. ती वाट लोक वापरत होते, हे सांगणारी माणसे लागतात. ज्या पांधणीने वर्षानुवर्षे कुणी गेलेच नाही, तिच्या बाजूने साक्ष द्यायची कुणी?

जाणार असाल तर एवढे करा. जास्तीची ट्यूब, पंप, सोल्यूशन आणि ठिगळे बरोबर घ्या, कारण बाभळीचा काटा आणि सराटा टायरची कंपनी पाहत नाहीत. वाट पिकात शिरलेली दिसली तर सायकल खांद्यावर घ्या आणि धुऱ्यावरून चाला. निघण्याआधी तलाठ्याकडे गावनकाशा पाहून ठेवा. पारावरच्या म्हाताऱ्याला “ही दुहेरी रेषा कुठून जात होती?” असे विचारलेत, तर तो काठी टेकत उठतो आणि दाखवायला स्वतः पुढे चालू लागतो.