महेंद्रची सावली दक्षिणेला का गेली?

चला, उज्जैनला! क्षिप्रा नदीच्या काठी राम घाट आहे ना, तिथे. सिंहस्थात इथे पाय ठेवायला जागा नसते. मागचा सिंहस्थ २०१६ साली झाला, पुढचा २०२८ साली आहे. आपण मात्र २१ जूनला जाऊ या. ढग नसतील तर दगडी पायऱ्या तव्यासारख्या तापलेल्या असतील, म्हणून चपला घालूनच उभे राहा. घड्याळात साडेबारा वाजत आलेत. आता खाली बघा. तुमची सावली कुठे आहे?

जवळजवळ नाहीच! मीटरभर उंचीची काठी सरळ उभी केलीत, तर तिची सावली भरते जेमतेम अर्धा सेंटिमीटर. कारण उज्जैन कर्कवृत्ताला अगदी खेटून वसलंय. २१ जूनच्या दुपारी सूर्य कर्कवृत्ताच्या बरोबर डोक्यावर येतो, म्हणजे उज्जैनच्याही जवळजवळ डोक्यावरच. वर्षाच्या बाकी जवळपास सगळ्या दिवशी इथली मध्यान्हीची सावली उत्तरेला पडते.

सुमारे २३०० वर्षांपूर्वी याच गावात एक मुलगा अशीच सावली बघत मोठा झाला. आजच्या पायऱ्या तेव्हा नव्हत्या, नदी मात्र हीच होती. त्याचं नाव महेंद्र, पाली भाषेत महिंद. त्याचे बाबा अशोक. हो, तोच सम्राट अशोक! राजा होण्याआधी तो उज्जैनचा कारभार बघायचा. ‘महावंस’ या श्रीलंकेच्या जुन्या पाली ग्रंथात महेंद्रची सगळी कथा आहे. विसाव्या वर्षी तो भिक्खू झाला आणि बत्तिसाव्या वर्षी बुद्धाची शिकवण सांगायला समुद्रापलीकडे, श्रीलंकेत निघाला. निघण्याआधी तो विदिशेला जाऊन आईला भेटला. त्याच सुमारास आणखीही भिक्खू वेगवेगळ्या दिशांना गेले. त्यांतले महाधम्मरक्खित कुठे गेले, ठाऊक आहे? ‘महारट्ठ’ देशात. आपल्याकडेच की!

घर सोडून दूरदेशी धर्म सांगायला जाणारी तरुण मुलं आजही आहेत. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत मॉर्मन पंथाचं मुख्य केंद्र आहे. त्या पंथाचे अठरा-एकोणीस वर्षांचे मुलगे दोन वर्षांसाठी बाहेर पडतात. सकाळी लवकर उठायचं, अनेकदा नवी भाषा शिकायची, नेहमी जोडीनं फिरायचं, असा त्यांचा दिवस. त्यांच्यापाशी सायकल असते, फोन असतो. महेंद्रपाशी काय होतं?

फक्त आठ वस्तू! तीन चीवरं म्हणजे अंगावरची वस्त्रं, एक भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरेचा पट्टा आणि पाणी गाळायचं फडकं. भिक्खूकडे एवढंच असावं असा नियम. सहलीला निघताना आपली बॅग किती फुगते, ते आठवून बघा.

त्यातलं फडकं फार मोलाचं. पाण्यातले बारीक जीव आपल्या पोटात जाऊन मरू नयेत, म्हणून भिक्खू पाणी गाळून प्यायचे. मनात दया होती, पण फायदा पिणाऱ्याचाही होत होता. रिटा कोलवेल या शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या खेड्यांत एक प्रयोग केला, तो २००३ साली प्रसिद्ध झाला. जुन्या सुती साडीच्या चार-आठ घड्या करून त्यातून पाणी गाळलं, तर कॉलरा जवळजवळ निम्म्यानं कमी झाला! कॉलऱ्याचे जंतू इतके बारीक, की ते कापडातून सहज निसटतात. पण पाण्यात ते पुष्कळदा चिमुकल्या जलचरांना चिकटून राहतात, आणि हे जलचर मात्र घड्यांमध्ये अडकतात. वापरून मऊ झालेली साडी नव्या साडीपेक्षा चांगली, कारण तिचे धागे पिंजारून मधली भोकं बारीक होतात. अर्थात, आपण पाणी गाळून वर उकळायचंही!

आता महेंद्रचा दिवस बघा. पहाट होण्याआधी उठायचं, ध्यानाला बसायचं. मग पात्र घेऊन गावात जायचं आणि दारापुढे गप्प उभं राहायचं. मिळेल ते घ्यायचं, मागायचं नाही. आणि सूर्य माथ्यावरून ढळायच्या आत जेवण उरकायचं. एकदा दुपार ढळली, की दुसऱ्या दिवशीपर्यंत जेवण नाही.

पण घड्याळ नसताना मध्यान्ह झाली हे कळायचं कसं? सावलीवरून! सकाळी ती लांबलचक असते, मग आखडत जाते आणि पुन्हा लांबू लागते. ती सगळ्यात आखूड असते, तो क्षण म्हणजे मध्यान्ह. सावली हेच भिक्खूचं घड्याळ.

ज्येष्ठी पौर्णिमेला महेंद्र श्रीलंकेत मिहिंतले नावाच्या डोंगरावर पोचला. बरोबर चार भिक्खू, एक उपासक आणि महेंद्रचा भाचा सुमन. तिथला राजा तिस्स शिकारीला आला होता. महेंद्रनं त्याला एक झाड दाखवून विचारलं, हे कोणतं झाड? आंब्याचं. आणखी आंबे आहेत? पुष्कळ. आंब्याशिवाय दुसरी झाडं? तीही पुष्कळ. मग ते सगळे आंबे आणि ती सगळी झाडं सोडून काय उरलं? थांबा, पुढे वाचू नका, आधी तुम्ही सांगा!

राजा म्हणाला, हेच समोरचं आंब्याचं झाड. शाब्बास! राजा नीट विचार करतो, हे महेंद्रला कळलं.

आता खरी गंमत. ज्येष्ठ महिना म्हणजे साधारण जून. त्या दिवसांत मिहिंतलेला दुपारी उभं राहिलं, की सावली चक्क दक्षिणेला पडते, तीही जवळजवळ हातभर! मिहिंतले कर्कवृत्ताच्या खूप खाली आहे, त्यामुळे जूनमध्ये सूर्य तिथे डोक्याच्या उत्तरेला असतो. हे महावंसात लिहिलेलं नाही. पण सूर्याचा नियम तेव्हाही हाच होता, म्हणून उज्जैनच्या मुलाची सावली तिथे उलटी पडली असणार, हे आपण खात्रीनं सांगू शकतो.

या उलट्या सावलीत आख्खी पृथ्वी मोजायची किल्ली आहे. २१ जूनला उज्जैनला सूर्य जवळजवळ माथ्यावर, तर मिहिंतलेला माथ्यापासून सुमारे १५ अंश ढळलेला. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचं, म्हणजे १५ अंश हा त्याचा चोविसावा भाग. दोन्ही गावांमधलं उत्तर-दक्षिण अंतर सुमारे १६५० किलोमीटर. त्याला २४ नं गुणा. किती आले? ३९,६००! पृथ्वीचा खरा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. महेंद्रच्याच शतकात इजिप्तमध्ये एराटोस्थेनीस नावाच्या विद्वानानं पृथ्वी अशीच सावलीवरून मोजली होती.

महेंद्र परत आला नाही. जवळजवळ ४८ वर्षं तो तिथेच राहिला, तिथल्या भाषेत शिकवत राहिला. सिंहली भाषेत हाताला ‘अत’, दाताला ‘दत’ आणि कानाला ‘कन’ म्हणतात. किती ओळखीचे शब्द आहेत ना? त्याची बहीण संघमित्रा नंतर बोधिवृक्षाची फांदी घेऊन तिथे गेली. अनुराधपूरला त्या झाडाची आजही काळजीनं निगा राखतात.

करून पाहा

उज्जैनच्या वेधशाळेत सावली मोजायचं शंकुयंत्र आहे. तुमचा शंकू म्हणजे अंगणातली एक मीटरभर काठी. आपला सगळा महाराष्ट्रही कर्कवृत्ताच्या खालीच आहे. म्हणून २१ जूनच्या सुमारास ऊन मिळालं, की बारा ते एक दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करा. सगळ्यात आखूड सावली मोजा. कोल्हापूरला ती सुमारे १२ सेंटिमीटर भरेल, नागपूरला सुमारे ४, आणि दोन्हीकडे पडेल दक्षिणेला. सूर्याकडे मात्र बघायचं नाही हं! तुमच्या गावाची सावली किती भरली, ते दूरच्या मामेभावाला कळवा आणि त्याच्या गावाची विचारून घ्या.