व्हिडिओ गेम : चाळीस वर्षांनंतरची कसोटी

'जुने ते सोने' हे वचन आपल्या घरांतून इतक्या सहजपणे उच्चारले जाते की ते सोने कसोटीवर घासून पाहण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. जुन्या नाटकांविषयी व गाण्यांविषयी असे बोलणारे आपल्यात पुष्कळ आहेत. अलीकडे मात्र आमच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, नुकतीच चाळिशी ओलांडलेली पिढीही हाच सूर आळवू लागली आहे. आणि तिचे सोने म्हणजे व्हिडिओ गेम. आमच्या शाळेतील तरुण सहशिक्षक मधल्या सुट्टीत चहा घेताना मारिओच्या आठवणी ज्या जिव्हाळ्याने काढतात, तो जिव्हाळा आमच्या आजोबांच्या पिढीत बालगंधर्वांच्या वाट्यास आला होता. विषय या मासिकाच्या वाचकांस किंचित पोरकट वाटेल. तथापि ज्या वस्तूने जगभरच्या मुलांच्या दुपारी पन्नास वर्षे व्यापल्या, ती आज कितपत तग धरते हे पाहण्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही.

मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यास एक भेद लवकर कळतो. 'मुक्तामाला' ही १८६१ सालची कादंबरी आज अभ्यासकांखेरीज फारसे कोणी वाचीत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मात्र कोणत्याही पानावर उघडावी आणि पुढे वाचीतच जावे. पहिल्या ग्रंथाचा मान ऐतिहासिक, दुसरा ग्रंथ अद्याप जिवंत. व्हिडिओ गेमांतही अशी वाटणी करता येईल काय, हा आमचा प्रश्न होता. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचरे इंदूरास आली, तेव्हा भाच्याने जुन्या खेळांचा संग्रह असलेले एक लहानसे यंत्र दूरदर्शन संचास जोडले, आणि आम्ही चष्मा पुसून त्यांच्या शेजारी बसलो. ज्यांस या खेळांच्या आठवणीच नाहीत त्यांचे मत आम्हांस हवे होते. कारण आठवण ही फार पक्षपाती परीक्षक असते.

आरंभ 'स्पेस इन्व्हेडर्स'पासून केला. जपानमधील तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली रचलेला हा खेळ. परग्रहावरील शत्रूंच्या रांगा वरून खाली सरकत येतात आणि खेळणाऱ्याने त्यांस टिपावयाचे. शत्रू कमी होत जातात तसतशी उरलेल्यांची गती वाढते, आणि शेवटचा एकटा शत्रू तर पडद्यावर अक्षरशः धावत सुटतो. ही युक्ती मुळात कोणी योजलेली नव्हती. त्या काळचे यंत्र इतके दुर्बळ की इतके शत्रू एकसमयावच्छेदेकरून रेखाटताना त्याची दमछाक होई. शत्रू मेले की त्याचा भार हलका होई व ते वेगाने रेखाटू लागे. निशिकादो यांनी तो दोष तसाच ठेवला, आणि तोच खेळाचा प्राण ठरला. कथा मोठी रंजक आहे. परंतु भाचरे पंधरा मिनिटांत कंटाळली. हा खेळ आम्ही 'मुक्तामाले'च्या कपाटात ठेवला.

'पॅकमॅन'ची गोष्ट वेगळी झाली. नाम्को या जपानी कंपनीतील तोरू इवातानी यांनी १९८० साली हा खेळ सिद्ध केला. त्या काळी खेळांच्या दुकानांत गोळीबाराचे खेळ व पुरुषांची गर्दी असे. स्त्रियांनाही खेळावासा वाटेल असा खेळ असावा हा त्यांचा हेतू होता. एक पिवळा गोल, चक्रव्यूह, खाण्यासाठी ठिपके आणि पाठलाग करणारी चार भुते, एवढाच संसार. आमची तेरा वर्षांची भाची काही वेळ निमूटपणे खेळली आणि मग म्हणाली, "मामा, हे लाल भूत मागून येतं आणि गुलाबी पुढं जाऊन वाट अडवतं. दोघं मिळून घेरतात." तिने अचूक ओळखले होते. लाल भूत खेळणाऱ्याच्या जागेवरच रोख धरते. गुलाबी भूत त्याच्या पुढील चार घरांवर नेम धरते. निळे भूत लाल भुताची जागा पाहून आपली दिशा ठरविते. आणि नारिंगी भूत दूर असताना चालून येते, पण आठ घरांच्या आत आले की कोपऱ्याकडे पळ काढते. चार ओळींचे नियम, आणि त्यांतून चार स्वभाव! आमच्या मते व्यक्तिरेखनाचा असा काटकसरी नमुना वाङ्मयातही विरळा.

या पाठलागात दैवास स्थान नाही. एकाच वाटेने, एकाच वेळी गेल्यास भुतेही तशीच वागतात. म्हणून निष्णात खेळाडूंनी वाटा पाठ केल्या. दोनशे छप्पन्नाव्या पायरीवर मात्र यंत्रच हार खाते. पायरीचा अंक ज्या जागेत साठविला जातो तिथे २५५ पर्यंतचीच सोय असल्याने पुढे हिशेब चुकतो, आणि पडद्याचा उजवा अर्धा भाग निरर्थक चिन्हांनी भरून जातो. भाच्याने हे ऐकून तिथवर पोहोचण्याचा पण केला. अकराव्या पायरीवर आमरस तयार असल्याची हाक आली.

'टेट्रिस'विषयी लिहावे तितके थोडे. मॉस्को येथील विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणारे अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ साली तो 'एलेक्त्रोनिका ६०' या यंत्रावर रचला. त्या यंत्रास चित्रे काढता येत नसत, म्हणून चौकोन दाखविण्यास त्यांनी कंसाची चिन्हे वापरली. ज्या खेळाचा जन्मच चित्रांवाचून झाला, त्याची चित्रे जुनी कशी होणार? बुद्धिबळातील लाकडी सोंगटी ओबडधोबड असली म्हणून डाव ओबडधोबड होत नाही, तसेच हे आहे. निन्टेन्डोच्या जुन्या संचावरील 'टेट्रिस'च्या एकोणतिसाव्या पायरीपुढे माणसाचा हात चालणेच शक्य नाही, अशी समजूत वर्षानुवर्षे होती. पुढील पिढीच्या मुलांनी कळ दाबण्याच्या नव्या पद्धती शोधल्या, आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातील एका तेरा वर्षांच्या मुलाने १५७ वी पायरी गाठून यंत्रासच थिजविले. चाळिशीकडे झुकलेला खेळ त्याच्याहून कितीतरी लहान मुलाने शेवटास नेला. टिकणे म्हणजे याहून निराळे काय?

'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) पाहताना आमच्यातील शिक्षक जागा झाला. शिगेरू मियामोतो व ताकाशी तेझुका यांचा हा खेळ अवघ्या चाळीस किलोबाइटांत बसविलेला आहे. आज फोनवरचे एक साधे छायाचित्र याहून कितीतरी अधिक जागा घेते. जागा वाचविण्यासाठी आकाशातील ढग आणि जमिनीवरील झुडूप यांचा आकार एकच ठेवला, फक्त रंग बदलला. परंतु आम्हांस मोह पडला तो पहिल्या पडद्याचा. तिथे सूचनेचे एक अक्षर नाही. समोरून एक शत्रू चालत येतो. उडी मारली तर तरला, न मारली तर मेला, आणि मेल्यास फार काही गमावले नाही. डोक्यावर प्रश्नचिन्हाची पेटी असते. तीस धडक दिल्यास अळंबे बाहेर पडते, पुढे नळावर आपटून मागे वळते आणि बहुधा खेळणाऱ्याच्या अंगावरच येते. ते अपायकारक नसून हितकारक आहे हे अशा रीतीने त्यास आपोआप कळते. पाठ न शिकविता पाठ शिकविणे यासच म्हणतात. आमच्या प्रशिक्षणवर्गांतून याची चर्चा होत नाही, याची आम्हांस खंत आहे.

तक्रारी आल्या नाहीत असे नाही. "मामा, मेल्यावर परत पहिल्यापासून? हा कुठला न्याय?" हा भाचीचा प्रश्न रास्त होता. दुकानातील यंत्रे नाण्यावर चालत. खेळणारा काही मिनिटांत मेला तरच दुसरे नाणे पडे. खेळ घरी आले, नाणे गेले, पण ती कठोरता काही काळ तशीच राहिली. जुन्या खेळांची 'खरी परीक्षा' म्हणून जिचे गोडवे गायले जातात, तिचा बराचसा भाग गल्ल्याची सोय होता, असे आमचे स्पष्ट मत आहे. १९९० नंतरच्या दशकात त्रिमितीचे जे पहिले खेळ निघाले, ते तर आज सर्वांत अधिक वृद्ध दिसतात. 'टूम्ब रेडर' (१९९६) मधील नायिकेस वळविताना भाच्यास बैलगाडी हाकल्यासारखे वाटले.

येथवरची चर्चा खेळ हाती असल्यास. तो हाती राहीलच याची मात्र शाश्वती नाही. 'डक हंट' (१९८४) हा बदके टिपण्याचा खेळ घ्या. बंदुकीचा चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीतील प्रकाश टिपणारा भाग तो पाहतो. ही सारी किमया जुन्या, पाठीमागे फुगीर असलेल्या संचाच्या तत्काळ उमटणाऱ्या प्रकाशावर अवलंबून होती. आजच्या सपाट संचावर चित्र किंचित उशिरा येते, आणि मूळ बंदूक आंधळी ठरते. 'झेल्डा'सारख्या खेळाच्या अमेरिकेत विकल्या गेलेल्या कॅसेटमध्ये प्रगती जपण्यासाठी एक लहान बॅटरी असे. ती संपली की मुलाने जिंकलेले राज्यही गेले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ साली 'पॅकमॅन' व 'टेट्रिस'सह चौदा खेळ आपल्या संग्रहात घेतले, हे खरे; परंतु २०२३ साली अमेरिकेत झालेल्या एका पाहणीत तेथील जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात विकतच मिळत नाहीत असे आढळले. ग्रंथ छापणे बंद झाले तरी वाचनालयात त्याची प्रत असते. यांस वाचनालय कोठे?

म्हणून ज्यांच्या माळ्यावर १९९० नंतरच्या काळातला एखादा संच व कॅसेटी पडून असतील, त्यांस आमची विनंती. दिवाळीच्या साफसफाईत ते भंगारवाल्यास देऊ नका. जुना फुगीर दूरदर्शन संच चालू असेल तर तोही ठेवा. कॅसेट लागत नाही म्हणून तोंडाने फुंकर घालण्याची सवय आपल्या मुलांनी पिढीजात जपली आहे. तिने श्वासातील ओल धातूच्या पट्ट्यांस लागून त्या गंजतात. सुक्या, स्वच्छ कापडाने त्या हलकेच पुसाव्यात, आणि कॅसेट ओल न लागणाऱ्या डब्यात ठेवावी. आमच्या एका सहशिक्षकाकडे अशा सात कॅसेटी निघाल्या; त्यांपैकी पाच अद्याप चालतात.