टायरचा व्यास, क्राउन-पिनियनचे गुणोत्तर आणि इंधनाचा हिशेब

खडकाळ, चिखलाच्या अथवा वाळूच्या भूमीवरून जाणाऱ्या मोटारींना मूळच्यापेक्षा मोठ्या व्यासाचे टायर बसविण्याची रीत अमेरिकेत विशेष रूढ आहे. तिचा हेतू उघड आहे. स्प्रिंगा कितीही उंच केल्या तरी गाडीचा केवळ सांगाडा वर जातो; अॅक्सल व त्यावरील डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून वर उचलावयाचा तर चाकाचा व्यासच वाढवावा लागतो. परंतु ह्या बदलाचा इंधनखर्चावर काय परिणाम होतो, ह्याविषयी परस्परविरोधी मते प्रचलित आहेत. एका मताप्रमाणे मोठे चाक एका फेऱ्यात अधिक अंतर कापते, त्यामुळे इंजिनाचे फेरे कमी होतात व इंधन वाचते. दुसऱ्या मताप्रमाणे इंधनखर्च वाढतो खरा, परंतु क्राउन-पिनियन बदलून मूळचे एकूण गुणोत्तर परत आणले की खर्चही पूर्वपदावर येतो. दोन्ही मतांना अनुभवाचा आधार दिला जातो, आणि दोहोंत दोष मात्र एकच आहे: इंजिनाच्या फेऱ्यांची संख्या हेच इंधनखर्चाचे माप मानले जाते.

उदाहरणादाखल २००७ ते २०१८ ह्या काळात निघालेल्या रँग्लर जीपचा विचार करू. तिच्यात २०१२ पासून ३.६ लिटरचे सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन होते. त्याचा जास्तीत जास्त पीळ, म्हणजे टॉर्क, सुमारे ३५३ न्यूटन-मीटर असून तो मिनिटाला ४,८०० फेऱ्यांवर मिळे. स्वयंचलित गिअरपेटीला पाच गती होत्या. पाचवीचे गुणोत्तर ०.८३ होते. क्राउन-पिनियनचे गुणोत्तर ३.२१ पासून ४.१० पर्यंत कारखान्यातूनच निवडता येत असे. २५५/७५ आर १७ ह्या मापाच्या टायरचा व्यास गणिताने ८१४ मि.मी. येतो. त्याच्या जागी ३५ इंची, म्हणजे ८८९ मि.मी. व्यासाचा टायर घातला, तर चाकाचा परिघ शेकडा ९.२ ने वाढतो. ४.१० चे गुणोत्तर त्यामुळे व्यवहारात ३.७५ सारखे वागू लागते. ताशी १०० कि.मी. वेगाला पाचव्या गतीत इंजिनाचे फेरे २,२१७ वरून २,०३१ वर उतरतात. क्राउन-पिनियन ४.५६ चे बसविले तर ते २,२५९ होतात, म्हणजे जवळजवळ मूळपदावर येतात. भाराखाली दबलेल्या टायरची प्रत्यक्ष त्रिज्या किंचित कमी असल्याने खरे आकडे थोडे अधिक येतील. परस्पर प्रमाण बदलणार नाही.

इतके गणित कोणताही जाणता मिस्त्री करतो. प्रश्न त्यापुढचा आहे. गाडी पुढे नेण्यासाठी चाकाला किती बल लावावे लागते, हे क्राउन-पिनियनवर मुळीच अवलंबून नसते. ते टायरचा लोटनरोध, हवेचा रोध आणि चढ ह्यांवर अवलंबून असते. ह्या रोधांची कल्पना यावी म्हणून काही ठोकळ मूल्ये गृहीत धरू. गाडीचे वस्तुमान २,००० किलोग्रॅम, लोटनरोधाचा गुणांक ०.०१२ आणि वायुरोधाचा गुणांक व पुढील क्षेत्रफळ ह्यांचा गुणाकार १.४ चौरस मीटर घेतला, तर ताशी १०० कि.मी. वेगाला लोटनरोध २३५ न्यूटन व वायुरोध ६४८ न्यूटन येतो. मोठे, खोल खाचांचे चिखली टायर व उंचावलेला सांगाडा ह्यांमुळे वस्तुमान २,०८० किलोग्रॅम, लोटनगुणांक ०.०१६ आणि वायुरोध शेकडा ६ ने अधिक धरल्यास हेच आकडे अनुक्रमे ३२६ व ६८७ होतात. एकूण रोध सुमारे शेकडा १५ ने वाढला. ताशी ५० कि.मी. वेगाला वायुरोध अल्प असल्यामुळे हीच वाढ शेकडा २५ भरते. ही सर्व वाढ रस्त्यावरची आहे. गाडीतील कोणत्याही दातेरी चाकाने ती परत मिळत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. केवळ व्यास वाढल्याने कठीण रस्त्यावरील लोटनरोध वाढत नाही. इतर सर्व समान असता तो किंचित कमीच होतो. वाढीचे कारण रुंदी, जाड आवरण आणि खाचांमधील रबराचे लवचिक ठोकळे हे आहे. हे ठोकळे प्रत्येक फेऱ्यात दबतात, फुलतात आणि त्या क्रियेत ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतात. चाकांच्या जडत्वाविषयी मात्र अतिशयोक्तीच फार ऐकू येते. फिरत्या चाकातील एक किलोग्रॅम म्हणजे गाडीवरील आठ-दहा किलोग्रॅम, असे सर्रास सांगितले जाते. वस्तुतः संपूर्ण वजन परिघावर आहे असे धरले तरी गती वाढविताना त्याचा परिणाम दुपटीहून अधिक होऊ शकत नाही, आणि स्थिर वेगाने जाताना तो शून्य असतो.

मग क्राउन-पिनियनचे कार्य कोणते? आवश्यक शक्ती इंजिनाने किती फेऱ्यांवर व किती भाराखाली द्यावी, एवढेच ते ठरविते. मूळच्या टायरवर ४.१० च्या गाडीला सपाट रस्त्यावर ताशी १०० कि.मी. साठी, वरील गृहीतांनुसार व प्रेषणातील शेकडा १० घट धरून, ११७ न्यूटन-मीटर पीळ पुरतो. हा इंजिनाच्या कमाल पिळाचा तिसरा हिस्सा झाला. इतक्या हलक्या भारावर थ्रॉटल बरीचशी मिटलेली असते. अरुंद वाटेने हवा ओढून घेण्यात व स्वतःच्या घर्षणात इंजिन आपल्या कमाईचा मोठा भाग खर्च करते. तेव्हा फेरे कमी करून प्रत्येक फेऱ्यावरील भार वाढविणे हे मर्यादेपर्यंत लाभदायकच ठरते. ३५ इंची टायरवर ४.१० कायम ठेवले तर पिळाची गरज १४७ होते, ४.५६ बसविले तर १३२. सपाट महामार्गावर, स्थिर वेगाने, ह्या दोहोंत ४.१० हेच अधिक काटकसरी ठरले पाहिजे. पहिल्या मतातील सत्यांश तो हाच.

३.२१ गुणोत्तराच्या गाडीची स्थिती मात्र निराळी होते. मोठ्या टायरवर तिचे फेरे १,५९० वर येतात. शेकडा ३ चा साधा चढ लागला की इंजिनाकडे सुमारे ३०० न्यूटन-मीटरची मागणी होते, आणि इतक्या मंद फेऱ्यांवर ती त्याच्या सामर्थ्याच्या काठावरची असते. स्वयंचलित गिअरपेटी अशा वेळी प्रथम टॉर्क कन्व्हर्टरमधील क्लच सोडते, नंतर चौथ्या गतीवर उतरते. कन्व्हर्टरची घसर ही निव्वळ उष्णता होय. थ्रॉटल पूर्ण उघडण्याच्या सुमारास तर मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण मुद्दाम वाढविले जाते. चढ संपला की पाचवी गती, पुन्हा चढ की चौथी, अशी चाललेली धरसोड हेच खर्चाचे मुख्य कारण असते. ४.५६ च्या क्राउन-पिनियनवर तोच चढ २१२ न्यूटन-मीटरमध्ये पाचव्या गतीतच चढला जातो. अशा गाडीत गुणोत्तर बदलल्यावर खरोखरीच इंधन वाचले तर त्यात नवल नाही. सारांश, वाचते ते अयोग्य ठिकाणी चाललेल्या इंजिनाचे नुकसान. टायरने वाढविलेला रोध जसाच्या तसा राहतो.

तथापि, पूर्ववत झालेल्या खर्चाच्या पुष्कळशा कथा ह्या खऱ्या बचतीच्या नसून मोजणीच्या चुकीच्या असाव्यात, असे मानण्यास जागा आहे. मोठ्या टायरची नोंद करून न घेतल्यास अंतरमापक प्रत्यक्षापेक्षा कमी अंतर दाखवितो. ५७ लिटर पेट्रोलमध्ये गाडी ४३७ कि.मी. गेली, तर मापकावर केवळ ४०० उमटतात. लिटरला खरे ७.७ कि.मी. मिळत असता मालक ७.० चीच खंत करीत बसतो. जुन्या जीपगाड्यांत मापकाची गती ट्रान्सफर-केसमधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टवरून, म्हणजे क्राउन-पिनियनच्या अलीकडूनच, घेतलेली असे. त्यामुळे अशा गाडीत ४.१० च्या जागी ४.५६ येताच तीच वाट मापकावर ४०० ऐवजी ४४५ कि.मी. भरते. इंधनाचा एक थेंबही न वाचता लिटरमागे ७.० चे ७.८ होतात, आणि बदलाच्या खर्चाचे सार्थक झाल्याचे समाधान लाभते!

वेगमापकाचाही असाच एक परिणाम आहे. काटा १०० वर स्थिर ठेवणारा चालक मोठ्या टायरवर प्रत्यक्षात ताशी १०९ कि.मी. वेगाने जात असतो. वायुरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तो त्याच्या नकळत शेकडा १९ ने वाढलेला असतो. अर्थात एक चूक खर्च फुगवून दाखविते, तर दुसरी तो खरोखरच फुगविते. तेव्हा टायरच्या तुलनेचा कोणताही प्रयोग मैलाच्या दगडांवर किंवा उपग्रहाधारित अंतरमापनावर पडताळून घेतल्याविना ग्राह्य धरता येत नाही.

जुन्या विलीज जीपचे उदाहरण ह्या संदर्भात उद्बोधक आहे. महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जिची जुळणी सुरू केली तीच ही गाडी. तिच्या युद्धकालीन नमुन्यात क्राउन-पिनियनचे गुणोत्तर ४.८८ होते, सर्वांत वरची गती सरळ, आणि टायर ६.००-१६ मापाचे. ताशी ८० कि.मी. वेगालाच २.२ लिटरचे ते छोटे इंजिन मिनिटाला सुमारे २,८०० फेरे घेई. इतक्या आखूड गुणोत्तराच्या गाडीत थोड्या मोठ्या टायरने हमरस्त्यावर फेरे उतरले तर ते इष्टच. चढाची गोष्ट अर्थातच वेगळी.

रस्ता सोडल्यावर बहुतेक सर्व निष्कर्ष पालटतात. मऊ भूमीत चाक रुतते, आणि चाकोरी पाडण्यासाठी लागणारे कार्य हाच मुख्य रोध होऊन बसतो. एम. जी. बेकर ह्यांनी १९५६ च्या आपल्या ग्रंथात ह्या विषयाला गणिती बैठक दिली. त्या विवेचनानुसार सारख्याच क्षेत्रफळाचा ठसा आखूड व रुंद असण्यापेक्षा लांब व अरुंद असल्यास रुतण्याचा रोध कमी होतो. व्यास वाढविण्याचे समर्थन येथे पूर्णपणे होते. नुसती रुंदी वाढविण्याचे तितकेसे होत नाही. हमरस्त्यावर इंधन खाणारा टायर वाळूत ते वाचवितो, ह्यात विसंगती काहीच नाही.

खडकांवरील मंद चालीत मात्र खर्च किलोमीटरवर न मोजता तासावर मोजणेच युक्त. त्याच रँग्लरच्या रुबिकॉन नमुन्यात, हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत, पहिल्या गतीचे ४.४६, ट्रान्सफर-केसचे ४.० व क्राउन-पिनियनचे ४.१० मिळून एकूण गुणोत्तर ७३ भरते. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर ती ताशी १.७ कि.मी. चालते, ३५ इंची टायरवर १.८. फरक अल्प दिसतो, परंतु दगडावरून उतरताना तेवढ्या अधिक वेगासाठीही चालकाचा पाय क्लचवर जातो, आणि क्लच घसरवून जाळलेली शक्ती चाकापर्यंत पोहोचतच नाही. वाळूसाठी टायरमधील हवा कमी केली की ठसा लांबतो, त्याबरोबर चाकाची प्रत्यक्ष त्रिज्याही थोडी घटते. म्हणजे मोठ्या टायरने लांबलेले गुणोत्तर, नेमके त्याची गरज असते तेथे, काही अंशी आपोआप आखूड होते.